अजादुग्धाचा साबण : घरी अवश्य करावा, औषध म्हणून देऊ नये

शेळीच्या दुधाचा साबण घरी कसा करावा, अशी विचारणा अलीकडे रुग्णांकडून वारंवार होते. काही वैद्यबंधू-भगिनी तो स्वतः करून चिकित्सालयात ठेवू लागले आहेत. या हौसेला आमचा विरोध नाही. मात्र कृती आणि गुणदावा या दोन बाबींविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम कृती. साबण म्हणजे स्नेह व तीव्र क्षार यांचा संयोग. कॉस्टिक सोड्यावाचून तो होत नाही. नवशिक्यांनी खोबरेल ४०० ग्रॅम, तीळतेल ५०० ग्रॅम व एरंडेल १०० ग्रॅम घ्यावे. या प्रमाणास सुमारे १५३ ग्रॅम शुद्ध सोडा लागतो. त्यातून पाच टक्के कमी करून १४५ ग्रॅमच वापरावा, म्हणजे थोडा स्नेह शिल्लक राहून साबण सौम्य होतो. तेल बदलले की सोड्याचे प्रमाणही बदलते. म्हणून अंदाज नको, वजनकाटाच हवा. दूध २९० ग्रॅम घेऊन त्याचा बर्फ करावा आणि त्यावर सोडा चिमटी-चिमटीने घालावा. आम्ही प्रथम ताजे दूध वापरले, तेव्हा त्यातील शर्करा करपून ते नारिंगी झाले व अमोनियाचा उग्र दर्प सुटला. सोडा दुधात घालावा. सोड्यावर दूध ओतू नये. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे कदापि नको. हे मिश्रण गाळून कोमट तेलात घोटावे. पडत्या धारेची रेघ पृष्ठभागावर उमटू लागली की साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी वड्या कापून किमान सहा आठवडे हवेशीर जागी वाळवाव्यात.

चष्मा व हातमोजे अनिवार्य आहेत. सुश्रुताचार्यांनी शस्त्र-अनुशस्त्रांत क्षारास श्रेष्ठ मानले, ते त्याच्या छेदन-भेदन सामर्थ्यामुळे. हे सामर्थ्य स्वयंपाकघरातही तसेच असते. क्षारकर्मानंतर अम्लद्रव्याने शमन करण्याची आपली सवय येथे आवरावी. सोडा अंगावर वा डोळ्यांत गेल्यास आधी वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे. डोळ्याची इजा असल्यास धुतल्यानंतर नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये.

आता गुणदाव्याविषयी. चरकसंहितेत अजादुग्ध शीत, लघु व ग्राही सांगून रक्तपित्त, अतिसार, क्षय व कास यांत हितकर म्हटले आहे. परंतु ते प्राशन करावयाच्या दुधाविषयी. विमानस्थानात संस्काराने द्रव्याचे गुण पालटतात, हा सिद्धांतही तेथेच आहे. तीव्र क्षारात शिजलेल्या दुधातील स्नेहाचा साबण होतो, प्रथिनांचे विघटन होते. मग मूळ दुधाचे गुण वडीच्या वेष्टनावर छापणे कोणत्या शास्त्रात बसते? कोणताही खरा साबण क्षारधर्मीच असतो, तर निरोगी त्वचा किंचित अम्लधर्मी असते. त्यामुळे विचर्चिकेच्या फुटलेल्या त्वचेवर तो चोळावयास सांगणे धोक्याचे ठरू शकते. शिवाय गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना बहुधा शेळीचे दूधही सोसत नाही. हे विचारल्याविना साबण हाती देणे ही चिकित्सा नव्हे.

औषधालय चालविणाऱ्यांनी कायद्याचेही भान ठेवावे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनविण्यास २०२० च्या नियमांनुसार राज्य परवाना प्राधिकरणाची अनुज्ञा लागते. व्याधी बरी होते असे लिहिले की तीच वडी औषध ठरते. आणि श्वित्रासारख्या व्याधीच्या उपचाराची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

म्हणून आमचे मत असे की, वैद्यांनी हा साबण अवश्य करून पाहावा, घरी वापरावा, रुग्णांच्या कुटुंबीयांना सुरक्षित कृती शिकवावी. उत्तम स्नानाचा साबण म्हणून तो खुशाल नांदो. परवाना घेऊन विकावयाचा झाल्यास त्यावर साबण एवढेच लिहावे. अजादुग्धाची प्रतिष्ठा आपल्या ग्रंथांनी अनुभवाने उभी केली आहे. ती एका वडीच्या खपासाठी खर्ची घालण्याचा अधिकार आपणांस नाही.