मुलाला उभे करण्यापूर्वी

ठाण्यातील कोलशेतच्या विसर्जन घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने संध्याकाळी खाडीचा वारा अंगावर घेत फिरावयास जाण्याचा माझा नित्यक्रम आहे. त्या क्रमात गेल्या महिन्यात एक प्रसंग दृष्टीस पडला आणि तो मनातून जाईना, म्हणून हे लिहावयास बसलो. एक गृहस्थ स्कूटर थांबवून खाली उतरले, पुढे उभा असलेला चारेक वर्षांचा मुलगा त्यांनी उचलून एका कुंपणाच्या भिंतीसमोर ठेवला, त्याची चड्डी खाली केली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "हं, कर आता. उभ्यानेच कर, मोठा झालास ना!" मागे बसलेली, त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, मलापण लागलीय." तेव्हा तेच वडील तितक्याच सहजपणे म्हणाले, "तू थांब, घरी गेल्यावर." त्या गृहस्थांच्या ठायी वात्सल्याची उणीव होती असे मला क्षणभरही वाटले नाही. परंतु अर्ध्या मिनिटाच्या अवधीत त्यांनी आपल्या दोन अपत्यांना दोन भिन्न धडे दिले: मुलाला सांगितले की सार्वजनिक जागा तुझी आहे, आणि मुलीला सांगितले की तुझे शरीर हा घरी जाईपर्यंत दडवून ठेवण्याचा मामला आहे.

साडेतीन वर्षांचा एक नातू माझ्याही घरी आहे, आणि त्याला उभ्याने लघवी करावयास केव्हा व कसे शिकवावे या प्रश्नावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. बालवाडीत प्रवेश घेताना 'मुलगा आपले आपण जातो का' असे विचारले गेले, तेव्हापासून त्या चर्चेला थोडी धास्तीही चिकटली. म्हणून जे सांगणार आहे ते केवळ रस्त्यावरच्या दृश्यावरून सुचलेले नसून घरातल्या अनुभवाने पारखलेले आहे.

कल्याणला पारनाक्याजवळच्या ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथे तान्हे मूल मान धरू लागले की आजी मोरीत पाटावर बसून दोन्ही पाय लांब करी, त्या पायांवर बाळाला बसवी आणि तोंडाने 'शूऽऽ शूऽऽ' असा मंद आवाज करीत राही; मूल त्या आवाजाला असे सरावे की वर्षाचे होण्याच्या आतच दुपट्यांचे धुणे निम्म्यावर येई. पुढे मुलगा असो वा मुलगी, मोरीच्या कोपऱ्यात उकिडवे बसावयाचे, तांब्याभर पाणी ओतावयाचे आणि हातपाय धुऊन बाहेर यावयाचे, असा शिरस्ता होता. उभ्याने करणे हे वडीलधाऱ्यांच्या लेखी असंस्कृतपणाचे लक्षण होते; जानवे उजव्या कानावर अडकवून बसणारे आजोबा मला अजून आठवतात. या वहिवाटीला शास्त्राचा आधारही जुना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात रस्त्यावर, राखेत, गोठ्यात, नांगरलेल्या शेतात, पाण्यात, नदीकाठी, तसेच चालता चालता आणि उभ्याने मूत्रोत्सर्ग करण्याचा स्पष्ट निषेध आहे. मात्र हे सारे नियम करणाऱ्याच्या स्वतःच्या शुचितेसाठी होते. मागे उरलेली घाण कोणी उचलावयाची हा प्रश्न त्या ग्रंथाने ज्या समाजव्यवस्थेच्या आधारे सोडविला, तिचा धिक्कार म्हणूनच महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याचे दहन झाले. आमच्या वाड्यात टोपल्यांचे संडास होते. मागच्या बोळातून रोज पहाटे टोपली उचलावयास येणाऱ्या बाईचे नाव आम्हां मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, याची मला आज लाज वाटते.

आता कोलशेतकडे पाहू. खाडीकाठचे कोळी-आगऱ्यांचे गावठाण, वायुदलाचे केंद्र आणि रसायनांचे कारखाने अशी ज्या भागाची ओळख माझ्या नोकरीच्या काळात होती, तेथे कारखान्यांच्या जागी तीस-तीस मजल्यांची संकुले उभी राहिली, आणि प्रत्येक घरातील मोरी जाऊन तेथे पांढरे कमोड आले. गावठाणातील जुन्या घरातून या संकुलात राहावयास आलेल्या कुटुंबांत एकाच मुलावर तीन पद्धतींचे संस्कार होतात: आजी त्याला बसवू पाहते, बालवाडी त्याला रांगेत उभे करते, आणि घरी त्याच्यापुढे असे एक भांडे असते, जे मुळात बसण्यासाठी घडविलेले असून आपण त्याचा उपयोग उभ्याने करू लागलो आहो. या विसंगतीकडे दुर्लक्ष करून मुलाला नुसते 'उभा राहा' म्हणणे म्हणजे त्याला अर्धाच पाठ शिकविणे होय.

माझे मत असे की, मुलाने प्रथम बसूनच शिकावे. दीड ते तीन वर्षांच्या वयात शी आणि शू यांच्या संवेदना मुलाला निरनिराळ्या कळत नाहीत, पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी होतात, आणि बसलेल्या मुलाला नेम धरावा लागत नाही. उभे राहण्याची घाई करण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. जे कारण आहे ते सारे आपल्या मनात आहे. 'मोठा झालास', 'पुरुषासारखा उभा राहा', 'बायकांसारखा काय बसतोस' ही वाक्ये आपण इतक्या निष्काळजीपणे उच्चारतो की, बसणे हे स्त्रीचे आणि म्हणून हलके, ही कल्पना मुलाच्या मनात वर्णमालेच्याही आधी रुजते. ज्या देशात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत सोवळ्यातला कर्मठ पुरुषसुद्धा बसूनच लघुशंका उरकीत असे, त्या देशात उभे राहण्याला पौरुषाची खूण मानावे, यापरते विस्मरण ते कोणते? नेदरलंड्समधील लायडेन येथील संशोधकांनी २०१४ साली पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन दाखविले की, निरोगी पुरुषांत बसण्या-उभे राहण्याने फरक पडत नाही, पण प्रोस्टेटच्या तक्रारी असणाऱ्यांत बसल्याने मूत्राशय अधिक रिकामे होते. माझ्या वयाच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

मुलगा पुरेसा उंच झाला, त्याला शी व शू यांचा वेगळेपणा कळू लागला, की त्याला उभे राहावयासही जरूर शिकवावे. कारण शाळेत, रेल्वे स्थानकात, चित्रपटगृहात त्याच्या वाट्याला मुताऱ्याच येणार आणि तेथे गोंधळलेले मूल लघवी रोखून धरते, ही सवय त्याच्या आरोग्याला घातक आहे. पण शिकवावयाचे ते कोणी? हे काम बापाचे आहे. आपल्याकडे शी-शूचा सारा कारभार आईच्या आणि आजीच्या माथी असतो, बाप फक्त प्रवासात रस्त्याच्या कडेला मुलाला उभा करतो, आणि त्यामुळे मुलाला या क्रियेचा पुरुषांकडून मिळणारा पहिला आणि एकमेव पाठ भिंतीसमोरचा असतो. बापाने तो पाठ घरात, दिव्याच्या उजेडात, सावकाश द्यावा. कमोडपुढे न घसरणारे लहान स्टूल ठेवावे, म्हणजे मूल भांड्याच्या जवळ येते. यामागे भौतिकशास्त्र आहे: अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०१३ साली जलद छायाचित्रणाने दाखविले की, पुरुषाची धार सहा-सात इंचांवरच तुटून तिचे थेंब होतात, आणि सरळ आपटणाऱ्या थेंबांचे शिंतोडे अधिक उडतात, जितके जवळ आणि जितके तिरपे, तितकी घाण कमी. तसेच बैठक वर उचलून ती भिंतीला नीट टेकली आहे हे पाहावयास शिकवावे आणि आरंभी ती आपल्या हाताने धरावी. इंग्लंडमधील क्रू येथील डॉक्टरांनी २००८ साली अशी जड बैठक अंगावर पडून चार लहान मुलांच्या नाजूक अवयवाला झालेल्या इजांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. सावकाश मिटणारी बैठक मिळते. थोडे अधिक पैसे पडतात, ते द्यावेत.

आणि मग या शिक्षणाचा तो भाग येतो, जो जवळजवळ कोणीच शिकवीत नाही. धार संपल्यावर मुलाने बैठक व फरशी पाहावी, शिंतोडा असेल तर तो आपल्या हाताने पुसावा, पाणी सोडावे, बैठक खाली करावी आणि साबणाने हात धुवावे. हे पाचही टप्पे मिळून एक क्रिया होते, असे त्याला पहिल्या दिवसापासून वाटले पाहिजे. वाळलेल्या मूत्रातील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, त्याचाच तो उग्र दर्प. आणि संगमरवराला मूत्रातील आम्ल किती बाधते याचा पुरावा पाहिजे असेल तर जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयातील २०१५ चा निकाल वाचावा. तेथे उभ्याने लघवी केल्यामुळे न्हाणीघराची संगमरवरी फरशी खराब झाली म्हणून घरमालकाने भाडेकरूच्या अनामत रकमेतून एकोणीसशे युरो अडकवून ठेवले. फरशीची हानी न्यायाधीशांनी मान्य केली, परंतु या धोक्याची पूर्वसूचना भाडेकरूला दिली नव्हती म्हणून ती रक्कम परत करण्याचा हुकूम झाला. आपल्याकडे हा वाद न्यायालयात जात नाही, कारण आपल्याकडे फरशी पुसणारे हात ठरलेले आहेत: आईचे, सुनेचे, सकाळी येणाऱ्या मोलकरणीचे. ज्या घरात मुलाला उभे राहावयास शिकविले जाते आणि पुसावयास शिकविले जात नाही, त्या घरात कल्याणच्या आमच्या वाड्यामागचा तो बोळ अजून बुजलेला नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत उसने आदर्श शोधण्याची गरज नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असलेल्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी आपणांस भंगीकाम मिळावे अशी मागणी केली, सवर्ण कैद्याला ते देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि त्यांच्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्या वर्षीच्या डिसेंबरात उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास आणि खत यांच्या प्रयोगांत आयुष्य वेचले. रात्री कीर्तन करणारे गाडगेबाबा दिवसा त्याच गावाचे रस्ते खराट्याने झाडीत. आपण मुलांना ही चरित्रे पाठ्यपुस्तकातून वाचावयास लावतो. त्यांतला एवढा एक शिंतोडा पुसण्याचा अंश त्यांच्या हाती का देऊ नये?

रस्त्यावरच्या भिंतीविषयी कायदा काय म्हणतो, हेही पित्यांना ठाऊक असावे. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या ११५ व्या कलमाने रस्त्यावर अगर सार्वजनिक जागी अशी घाण करण्यास मनाई केली आहे, आणि सात वर्षांखालील मूल ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्या मुलाला तसे करू देणे, हीही त्याच कलमाखाली कसूर आहे. शहराच्या भिंतींवर देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवून जे थांबविण्याचा आपण प्रयत्न करतो, ते मोठेपणी थांबत नाही, कारण चौथ्या वर्षी त्याचे कौतुक झालेले असते.

तथापि सारा दोष बापावर टाकणे न्याय्य होणार नाही. मुलाला भिंतीपासून परावृत्त करावयाचे तर त्याला न्यावयाचे कोठे, याचे उत्तर शहराच्या कारभाऱ्यांनी दिले पाहिजे. बागेतल्या, शाळेतल्या, स्थानकावरच्या मुताऱ्या मोठ्यांच्या उंचीने बसविलेल्या असतात आणि चार वर्षांचे मूल टाचा उंचावून आपलेच कपडे भिजविते. प्रत्येक रांगेत एक भांडे खाली बसविण्यास वेगळी तरतूद लागते असे मला वाटत नाही. मुलींची स्थिती तर याहून बिकट आहे. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी 'राइट टू पी' या नावाने जी चळवळ उभारली, तिचा आरंभच या साध्या निरीक्षणातून झाला की, सार्वजनिक मुतारीत पुरुषाला पैसे पडत नाहीत आणि स्त्रीला मात्र त्याच गरजेसाठी पैसे मोजावे लागतात. उभे राहणाऱ्याला फुकट आणि बसणारीला दाम, हा अन्याय ज्या नगरात चालतो तेथे घाटावरच्या त्या मुलीला 'घरी गेल्यावर' असे सांगणारा बाप एकटाच अपराधी कसा ठरेल? कोलशेतच्या नव्या संकुलांच्या व्यवस्थापन समित्यांनीही आपल्या खेळाच्या मैदानाशेजारी मुलामुलींसाठी, तसेच पहारेकरी, चालक आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी, उघडे आणि स्वच्छ शौचालय आहे की नाही हे एकदा स्वतः जाऊन पाहावे.

आमच्या नातवाला त्याच्या वडिलांनी मागच्या पंधरवड्यात स्टुलावर उभे केले. पुसण्याचे फडके त्याच्या हाताला येईल अशा खालच्या खुंटीवर टांगले आहे, आणि तो कधी उभा राहतो, कधी बसतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. घाटाच्या रस्त्यावरील त्या अपरिचित पित्याला माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या खेपेस दोन्ही मुलांचा हात धरून जवळच्या सार्वजनिक शौचालयापर्यंत जावे. आणि त्याच्या दाराला कुलूप आढळले, तर त्या कुलपाविषयी महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.