प्रतिज्ञेला कुलूप कशाला?

नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकापुढे उभे राहिले की सर्वप्रथम मनात येते ते वय. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता अवघ्या पंधरा वर्षांचा होता. हाती तिरंगा होता आणि समोर इंग्रज सरकारचे बंदूकधारी पोलीस. शिरीषकुमारसह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा अशा पाच जणांनी गोळ्या झेलल्या. ध्वजाचा मान राखावा असे परिपत्रक त्यांच्या शाळेत कोणी धाडले नव्हते. कायदा तर बंदुकीच्या बाजूला उभा होता.

हे स्मरण आज करण्यास कारण आहे. शाळांतील प्रतिज्ञा, राष्ट्रगीत अथवा वंदे मातरम् यांवर कोणी न्यायालयात गेल्याची वार्ता आली की आपल्याच बैठकांत एक सूर हमखास उमटतो : ‘असा कायदा करा की या विषयावर कोणत्याही न्यायालयाला सुनावणीच करता येऊ नये!’ बोलणाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका नाही. त्याचा संतापही समजण्याजोगा आहे. परंतु ही मागणी कोणाच्या शस्त्रागारातील आहे, याचा विचार त्याने केलेला नसतो.

संतापाचे मूळ १९८६ च्या निकालात आहे. केरळमधील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची ती मुले. आपला धर्म तशी अनुज्ञा देत नाही, असे त्यांचे म्हणणे. जुलै १९८५ मध्ये शाळेने त्यांना काढून टाकले. केरळ उच्च न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळून मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. आम्हाला तो निकाल तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. या मातीचे अन्न खाऊन तिचे स्तवन करण्याने कोणाच्या देवाला उणेपणा कसा येतो, हे आम्हाला कळलेले नाही. तथापि निकाल वाचावा लागतो. राष्ट्रगीत गायलेच पाहिजे असे सांगणारा कायदाच देशात नाही, आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकाच्या बळावर मूलभूत अधिकारांना मुरड घालता येत नाही, हा न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या विवेचनातील मुख्य धागा. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठा कायदा राष्ट्रगीतात अडथळा आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास देतो. मौन बाळगणाऱ्याविषयी तो बोलत नाही. म्हणजे उणीव होती ती संसदेच्या कामात. ती राहिली म्हणून न्यायालयाचे दार बंद करा म्हणणे, हा कुठला न्याय?

अमेरिकेत हा प्रयोग होऊ घातला होता. तेथील राष्ट्रप्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख १९५४ साली आला. २००२ मध्ये एका विद्यार्थिनीच्या पित्याच्या अर्जावर संघीय अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि देशभर काहूर उठले. प्रतिज्ञेस आव्हान देणारे खटले संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २००४ आणि २००६ असे दोनदा संमत केले. सिनेटने ते मान्य केले नाही. पुढे काय झाले? प्रतिज्ञा बुडाली काय? मार्च २०१० मध्ये त्याच अपील न्यायालयाने ती घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला. कुलूप न लावताच काम झाले.

आणि आपल्याकडे? कुलपाची विद्या आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरजच नाही! ऑगस्ट १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या आवाक्याबाहेर नेली गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्नांचा अपवाद वगळता, स्थानबद्धांना दाद मागण्याचा अधिकारच नाही असे सांगितले. त्या वेळी येरवड्यात सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते आणि नाशिकच्या कारागृहात आपलेच असंख्य कार्यकर्ते. न्यायालयाचे बंद दार म्हणजे काय, हे त्यांच्या घरच्यांनी अनुभवले आहे. ज्यांच्या घरी ‘मिसा’चा वॉरंट आला होता, त्यांनी तरी ही मागणी उच्चारू नये.

यातील विलक्षण योग पाहा. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे सांगणारे ५१-क कलम घटनेत आले ते बेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७६ साली, आणीबाणीत. त्याच दुरुस्तीने घटनादुरुस्त्यांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही अशी तरतूदही घुसडली. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. कर्तव्याचे कलम मात्र टिकले, आणि ते कुलपावाचून टिकले.

पुरोगामी मंडळींना याने हर्ष होण्याचे कारण नाही. प्रतिज्ञा म्हणजे बालमनावरील सक्ती, असा त्यांचा नेहमीचा घोष असतो. विशाखापट्टणमच्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ मध्ये ती लिहिली. देशबांधवांवर प्रेम, वडीलधाऱ्यांचा मान आणि सर्वांशी सौजन्य, एवढेच ती मागते. यात जाचक काय आहे, ते त्यांनी एकदा सांगावे.

पण आपल्यालाही एक प्रश्न आहे, आणि तो अधिक अवघड आहे. सातपुड्याच्या कुशीतील एका आश्रमशाळेत मी गेलो होतो. पावसाची झड चालू होती, तरी मुले ओळीने उभी राहिली आणि प्रतिज्ञा एका श्वासात म्हणून मोकळी झाली. उच्चार चोख. नंतर पाचवीतल्या एकाला विचारले, ‘पाईक म्हणजे काय रे?’ तो हसला आणि गुरुजींकडे पाहू लागला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मुलाच्या घरी पावरी बोलतात. मराठी त्याला शाळेतच भेटलेली. नंदुरबार जिल्ह्यात सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या जनजातींची आहे आणि २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत हा जिल्हा राज्यात शेवटचा होता. तेथे प्रतिज्ञेला धोका न्यायमूर्तींपासून आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा धडगावचा घाट चढून यावे.

जाताना प्रतिज्ञेतील चार कठीण शब्द कागदावर लिहून न्यावेत. पावरीत आणि भिलीत त्यांना काय म्हणतात ते गावातील वृद्धांनाच विचारावे आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुलांना सांगावे. आमच्या त्या गुरुजींनी ‘पाईक’पासून आरंभ केला आहे. ‘निष्ठा’ या शब्दापाशी ते अडले आहेत.