पिशवीला दंड, पाकिटाला अभय



आठवडे बाजारात मेथीच्या दहा-वीस पेंड्या मांडून बसलेल्या बाईला प्लास्टिकच्या पिशवीपायी पहिल्या खेपेला ५ हजार, दुसऱ्या खेपेला १० हजार, आणि तिसऱ्या खेपेला २५ हजार रुपये दंड व तीन महिने कैद होऊ शकते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हा कायदा केला आणि तीन महिन्यांनी त्याची वसुली सुरू झाली. त्या बाईची सगळी पाटी विकली तरी पाचशे रुपये होत नाहीत.

आता तिच्या पाठीमागच्या दुकानाकडे बघा. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, वेफर्सची फुगलेली पाकिटे, बिस्किटांचे पुडे. या प्लास्टिकला अभय आहे. कारखान्यात माल तयार होतानाच जे वेष्टण चढते, ते बंदीतून वगळलेले आहे. वसुली सुरू होऊन पुरता आठवडा झाला नाही तोच किराणा दुकानदारांच्या पॅकिंगलाही सरकारने सवलत दिली. व्यापाऱ्याने ओरड केली की आठवड्यात ऐकू जाते. आमची ओरड ऐकू जायला किती वर्षे लागतात, ते ऊसवाल्यांना आणि दूधवाल्यांना आम्ही सांगायला नको.

शहरातल्या सुशिक्षित मंडळींचे मत असे आहे, की भाजीवाल्यांनीच प्लास्टिक पसरवले. हीच मंडळी संध्याकाळी हात हलवत मंडईत येतात. पाच रुपयांची कोथिंबीर घेतात आणि पिशवी मागतात, तीही फुकट. नाही म्हटले तर शेजारच्या पाटीकडे वळतात. म्हणजे पिशवीचे पैसे बाईचे, गिऱ्हाईक टिकवायचे तर पिशवी द्यायची सक्ती तिच्यावर, आणि पथक आले की पावतीही तिच्याच नावाची. घरून कापडी पिशवी आणायला यांना कमीपणा वाटतो, याचा दंड आमच्या मायबहिणींनी का भरावा?

मायक्रॉनची गोष्ट तर विचारू नका. १९९९ साली केंद्राने २० मायक्रॉनची अट घातली. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, गटारे पिशव्यांनी तुंबल्याचा बोभाटा झाला, आणि २००६ साली राज्याने ५० मायक्रॉन केले. केंद्राने ते २०१६ साली ५०, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० वर नेले. भाजीवालीकडे तराजू असतो, मायक्रॉन मोजायचे यंत्र नसते. ते सहसा तपासणाऱ्याकडेही नसते. तो बोटांत चुरगाळून बघतो आणि ठरवतो.

एक खुलासा करतो. आम्ही प्लास्टिकचे वैरी नाही. ठिबकच्या नळ्या नसत्या तर तासगाव, कवठे महांकाळ, जत भागातल्या कित्येक द्राक्षबागा उभ्या राहिल्या नसत्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डबीत बसली म्हणून लांबच्या बाजारात धड पोचते. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहायची, ना पोते ना प्लास्टिक. पण २००५ च्या महापुराने त्या पेवांची काय गत केली ते सांगलीकरांना माहीत आहे. मागे चला म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. आमचा मुद्दा भावाचा आहे, आणि भावाचा मुद्दा आपल्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही.

जुनी ठिबकची नळी बांधावर पडून राहते का? नाही. भंगारवाला किलोवर घेतो. खताचे रिकामे पोते कोणी टाकते का? त्याची खोळ होते, पायपुसणे होते, फाटेपर्यंत दहा कामे होतात. मार्केट यार्डात टोमॅटोचा क्रेट हरवला तर भरून द्यावा लागतो, म्हणून तो हरवत नाही. दुधाचेच बघा. पिशव्या भरलेले क्रेट रात्री शहरात जातात आणि सकाळी रिकामे होऊन त्याच गाडीतून परत येतात. क्रेटही प्लास्टिकचाच, पिशवीही प्लास्टिकचीच. क्रेट परत येतो कारण त्याला किंमत लावलेली आहे. पिशवी गटारात जाते कारण तिला लावलेली नाही.

किंमत लावायचे सरकारला सुचले नव्हते असेही नाही. २०१८ च्या त्याच अधिसूचनेत दुधाची पिशवी ५० पैशांना परत घ्यायची तरतूद होती. २०१९ साली तेव्हाचे पर्यावरण मंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत त्याची पुन्हा घोषणा केली. ती ५० पैसे देणारी खिडकी आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आम्हाला काही सापडलेली नाही. पाच हजारांची वसुली मात्र लगेच सापडली.

साखरेची गंमत वेगळीच. १९८७ च्या कायद्याने साखर तागाच्या पोत्यात भरायची सक्ती आहे. अलीकडच्या वर्षांत ती २० टक्के साखरेवर आहे. पोत्याचा जादा खर्च शेवटी उसाच्या बिलातून जातो. त्याच साखरेची बिस्किटे होऊन गावात येतात ती चकचकीत पाकिटात, आणि त्या पाकिटाला तागाची काय, कसलीच अट नाही.

आता आपल्या बागेत येऊ. द्राक्षावर फवारणीचा हंगाम सुरू झाला की औषधांच्या बाटल्यांचा ढीग लागतो. त्यांचे काय करायचे? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिले आहे, की रिकामी भांडी फोडून वस्तीपासून लांब पुरावीत. पुरावीत कोणी? शेतकऱ्याने. जमीन कोणाची? शेतकऱ्याची. खाली पाणी कोणाचे? तेही आमचेच, पोरांना प्यायचे. बाटली विकताना कंपनीने पैसे घेतले, दुकानदाराने कमिशन घेतले. विष चिकटलेली रिकामी बाटली तेवढी आमच्या वाट्याला. मग कोणी ओढ्यात टाकतो, कोणी विहिरीच्या कडेला रचतो, कोणी पेटवून देतो. पेटवण्यात शहाणपण नाही, त्या धुरात आपलीच माणसे उभी असतात.

ब्राझील हा आपल्यासारखाच उसाचा देश. तिथे २००० साली कायदा झाला, की शेतकऱ्याने बाटली तीनदा धुवायची आणि परत द्यायची, दुकानदाराने बिलावरच परतीची जागा लिहायची आणि कंपनीने ती उचलून न्यायची. २००२ पासून कंपन्यांनी मिळून उभारलेली संस्था हे काम करते, आणि औषधाच्या प्लास्टिक भांड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत जातात. तिथला शेतकरी काही आपल्यापेक्षा जास्त सज्जन नाही. तिथे परत द्यायला जागा आहे, एवढाच फरक.

आपल्याकडेही कंपनीची जबाबदारी कागदावर आहे. २०१६ च्या नियमांत ती आली, २०२२ साली तिची सविस्तर घडी बसवली. पण ती घडी प्रमाणपत्रांची. कंपनीने पाकीट उचलायचे नाही, कुठल्या तरी पुनर्वापर कारखान्याकडून तेवढ्या वजनाचे प्रमाणपत्र घ्यायचे. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे खोटी निघाली. आमच्या ओढ्यातले पाकीट मात्र खरेच होते.

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा ओसरली तेव्हा काठच्या उसात काय अडकले होते, ते मिरज, पलूस, वाळव्याच्या लोकांनी पाहिले. शेंड्यापर्यंत पिशव्या लोंबत होत्या. पंचनाम्यात पीक किती गेले ते लिहिले. सरीतले प्लास्टिक वेचायला लागलेली मजुरी लिहायला रकाना नव्हता.

कराड २०२० साली आणि विटा २०२१ साली, एक लाखाच्या आतल्या शहरांत, स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले. दोन्ही गावे आपली, आम्हाला अभिमान आहे. मनावर घेतले तर आपल्या भागातली नगरपालिका काय करू शकते ते त्यांनी दाखवले. पण नगरपालिकेची हद्द संपते तिथून पुढच्या बहुतेक वाड्यावस्त्यांवर अजून ओढा हीच घंटागाडी आहे.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन ठराव ठेवत आहोत. पहिला, आपल्याच दूध संघांच्या संचालकांसाठी. क्रेट घेऊन परत येणाऱ्या गाडीत पिशव्यांचे एक पोते बसते. ५० पैसे अनामत लावा आणि सुरुवात करा. सहकारातली माणसे आपण निवडून दिलेली आहेत, त्यांना विचारायला मुंबईला जावे लागत नाही. दुसरा, कृषी सेवा केंद्रांसाठी. औषधाच्या बिलावर रिकामी बाटली परत घेण्याची जागा छापा. कंपनी नेत नसेल तर तसे लेखी द्या, पुढचे आम्ही बघतो.

बैठकीला बाटल्या आणू नका, आकडे आणा. प्रत्येक गावाने या हंगामातल्या रिकाम्या बाटल्या तीनदा धुवून, धुतलेले पाणी पंपातच ओतून, बूच काढून, पोरांच्या हाताला न लागतील अशा कुलपात एका पोत्यात जमवाव्यात. कंपनीवार मोजाव्यात आणि यादी गावाच्या नावासह कार्यकर्त्याकडे द्यावी. पोते गावातच राहू दे, ते कधी आणि कोणाच्या दारात न्यायचे ते बैठकीत ठरवू.