चाचण्यांची तुलना आणि एका आकड्याचा हट्ट

वैद्यकातील चाचण्यांची तुलना हा निव्वळ अंकगणिताचा विषय आहे, असे मानणारा एक पक्ष अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने बोलू लागला आहे. या पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की, रोग आज शरीरात आहे की नाही हे सांगणारी निदान चाचणी असो किंवा रोगाची पुढची वाटचाल कशी होईल याचा अंदाज देणारा दर्शक, म्हणजे प्रोग्नॉस्टिक मार्कर असो, दोहोंचे मोल एकाच मापाने ठरते. ज्याचा रोगाशी संबंध सांख्यिकीच्या कसोटीवर लक्षणीय ठरला तो उपयुक्त, ज्याचा संबंध अधिक बळकट तो अधिक उपयुक्त, आणि ज्याच्यापुढची टक्केवारी सर्वांत मोठी तो सर्वश्रेष्ठ. हे एकदा मान्य केले की डॉक्टरने रुग्णाकडे पाहण्याची विशेष गरज उरत नाही. तक्त्याचा शेवटचा रकाना पाहिला की काम भागते.

या मतावरचे काही आक्षेप इतके उघड आहेत की त्यांना एकेक वाक्य पुरे. निदान चाचणीचे उत्तर दुसऱ्या, अधिक भरवशाच्या तपासणीने आजच पडताळता येते, तर प्रोग्नॉस्टिक मार्करचे उत्तर पडताळायला महिने किंवा वर्षे थांबावे लागते. ज्यांची चाचणी सकारात्मक आली त्यांचीच बायोप्सी केली, तर सुटलेले रुग्ण मोजलेच जात नाहीत आणि चाचणी आहे त्याहून चांगली दिसते. ठणठणीत माणसे एका बाजूला आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण दुसऱ्या बाजूला घेऊन केलेल्या अभ्यासात तर कोणतीही चाचणी उत्तीर्ण होते. खरी परीक्षा लक्षणे सारखी असलेल्या पण रोग वेगळे असलेल्या माणसांत असते.

मुख्य प्रमाद मात्र वेगळाच आहे, आणि त्याला एका वाक्यात सोडणे योग्य नव्हे. गटागटांतील संबंधाची बळकटी आणि माणसामाणसांत फरक करण्याची ताकद या दोन गोष्टी हा पक्ष एकच समजतो. संबंधाची बळकटी मोजण्याचे प्रचलित माप म्हणजे ऑड्स रेशो: घटना घडलेल्यांत दर्शक सकारात्मक असण्याचे सकारात्मक नसण्याशी जे प्रमाण असते, त्याला घटना न घडलेल्यांतील तशाच प्रमाणाने भागून आलेला आकडा. समजा, 1000 रुग्णांपैकी 100 जणांना वर्षभरात हृदयविकाराचा झटका आला आणि 900 जणांना आला नाही. झटका आलेल्यांपैकी 25 जणांत आणि न आलेल्यांपैकी 90 जणांत एखादा दर्शक आधीच वाढलेला होता. येथे ऑड्स रेशो बरोबर 3 येतो, आणि हा संबंध केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी ठरते. शोधनिबंधाच्या सारांशात 'धोका तिपटीने अधिक' हे शब्द झळकण्यास एवढे पुरेसे असते, आणि आपला हा पक्ष त्याच क्षणी नवी तपासणी सर्वांना सक्तीची करण्याच्या गोष्टी बोलू लागतो. तक्ता पुन्हा वाचला तर काय दिसते? झटका आलेल्या 100 पैकी 75 जणांना या दर्शकाने 'सामान्य' म्हणून घरी पाठवले, आणि ज्या 115 जणांना त्याने धोक्याची सूचना दिली त्यांपैकी 90 जणांना ती विनाकारण दिली. चारांपैकी तीन खरे रुग्ण निसटतात, तरी निबंधातील आकडा निर्दोष असतो. झटका न आलेल्यांतील विनाकारण सूचनांचे प्रमाण तेवढेच, म्हणजे दहा टक्के ठेवून 100 पैकी 80 रुग्ण पकडायचे असतील, तर ऑड्स रेशो 36 लागतो. 3 आणि 36 यांतील अंतर म्हणजे दर्शकाची जाहिरात आणि दर्शकाचा उपयोग यांतील अंतर होय. त्यातही, 36 गाठणाऱ्या त्या अद्भुत दर्शकाने सूचना दिलेल्या 170 जणांपैकी 90 जण निरोगीच राहतात, हे विजयोत्सवात सहसा सांगितले जात नाही. लक्षणीयतेची कसोटी तर याहून स्वस्त आहे. रुग्णसंख्या पुरेशी वाढवली की नगण्य संबंधही लक्षणीय ठरतो.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते: ऑड्स रेशो बाजूला ठेवा, 'अचूकता' पाहा, म्हणजे एकूण किती उत्तरे बरोबर आली ते पाहा. हा वाद वैद्यकाबाहेर 1884 मध्येच निकालात निघालेला आहे. अमेरिकेत टोर्नेडो वादळांची 2803 भाकिते तपासली असता 96.6 टक्के बरोबर ठरली आणि भाकीतकाराचे कौतुक झाले. मात्र त्याच वर्षी दाखवून देण्यात आले की 'टोर्नेडो येणार नाही' एवढेच रोज सांगत बसणाऱ्याची अचूकता 98.2 टक्के भरली असती, कारण 51 टोर्नेडोंपैकी भाकीतकाराने 28 ओळखले तरी वादळ मुळातच दुर्मीळ होते. विरळ रोगाबाबत सर्वांना निरोगी ठरवणारी चाचणी याच न्यायाने सर्वांत अचूक ठरते. तिला यंत्र लागत नाही आणि रक्तही लागत नाही.

मग शेवटचा आसरा आरओसी वक्राखालील क्षेत्रफळाचा. सकारात्मक कोणाला म्हणायचे याची सीमारेषा सरकवत नेली असता संवेदनशीलता, म्हणजे रोग्यांपैकी किती पकडले, आणि विशिष्टता, म्हणजे निरोग्यांपैकी किती योग्य रीतीने वगळले, यांतील देवघेव हा वक्र दाखवतो. त्याचे क्षेत्रफळ एवढेच सांगते की एक रोगी आणि एक निरोगी यदृच्छया निवडला तर रोग्याचा आकडा अधिक असण्याची शक्यता किती. पण ओपीडीत रुग्ण असे जोडीने येत नाहीत. शिवाय ज्या सीमारेषा कोणीही वापरणार नाही त्याही या क्षेत्रफळात मोजल्या जातात.

तुलना मग करावी कशी? पहिली अट अशी की दोन्ही चाचण्या त्याच रुग्णांवर व्हाव्यात आणि ज्यांच्याबाबत त्यांची उत्तरे वेगळी आली, ते रुग्ण आधी तपासावेत. क्षयरोगाचे उदाहरण बोलके आहे. थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीला प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे 5000 ते 10000 जंतू असावे लागतात, तर जंतूचे डीएनए शोधणाऱ्या रेणवीय चाचणीचे काम त्याच्या अल्पांशाने भागते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेल्या रुग्णांत या चाचणीची संवेदनशीलता 98 टक्क्यांच्या, तर न दिसलेल्यांत 67 टक्क्यांच्या आसपास आढळली. म्हणजे पहिल्या प्रकारचे रुग्ण 70 टक्के असलेल्या दवाखान्यात तिची संवेदनशीलता सुमारे 89 टक्के भरेल आणि 40 टक्के असलेल्या दवाखान्यात 79. यंत्र तेच, आकडा वेगळा. दोन वेगळ्या गावांतील टक्केवाऱ्या शेजारी मांडून निकाल देणारे नेमके हेच विसरतात.

दुसरी अट, सीमारेषा दोन्ही प्रकारच्या चुकांच्या परिणामांवरून ठरावी. तिसरी, प्रोग्नॉस्टिक मार्करने सांगितलेला धोका प्रत्यक्षात तेवढाच निघतो का, आणि वय, रोगाची अवस्था यांसारख्या फुकट मिळणाऱ्या माहितीत तो नवी भर घालतो का, हे पाहावे. वरील उदाहरणातील दर्शक येथे पूर्ण निरुपयोगी ठरत नाही. तो 22 टक्के धोक्याचा गट 9 टक्क्यांहून कमी धोक्याच्या गटापासून वेगळा करतो, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची अट, चाचणीमुळे उपचार बदलतो का आणि रुग्णाचे भले होते का, हे विचारावे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील चार देशांत झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीच रेणवीय चाचणी वापरल्याने त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, पण सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या आजारपणात फरक दिसला नाही, कारण डॉक्टर लक्षणांवरून आधीच उपचार सुरू करत होते. उलट, रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग ओळखण्याचा दावा करणारे संच भारतात वर्षानुवर्षे खपले आणि अखेर 2012 मध्ये त्यांवर बंदी घालावी लागली. निर्णय सुधारत नसेल, तर कोणत्याही चाचणीचा मोठा आकडा रुग्णाच्या खर्चात भर घालतो, एवढेच त्याचे मोल.