अस्वल, पिस्तूल आणि १८७८ चा कायदा

अलास्कात रानात जाणारा माणूस अस्वलापासून बचावासाठी कमरेला ४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर बांधतो. ती दृश्ये पाहून आपल्याकडेही सूर उमटतो की, श्वापदांच्या शेजारी राहणाऱ्यांना पिस्तुलाचा परवाना मिळावा. बदलापूर गावाला हा प्रश्न परका नाही. अस्वल येथे नसले तरी बारवीच्या रानात बिबट्याचा वावर आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत तर तो थेट उल्हासनगरच्या वस्तीत शिरला होता. मात्र ‘कोणते पिस्तूल घ्यावे’ या प्रश्नाआधी ‘ते कोणाला मिळते’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर दीडशे वर्षे जुने आहे.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. १८५७ ची धास्ती अजून ओसरली नव्हती. रयतेला परवान्याची सक्ती झाली, युरोपीयांना सूट मिळाली. माथेरानच्या बंगल्यात उतरणारा साहेब विनापरवाना बंदूक बाळगू शके. त्याच डोंगराच्या पायथ्याशी रानात पोट भरणाऱ्या कातकऱ्याच्या हाती कोयता आणि फार तर तीरकमठा. श्वापदाची गाठ रोज कोणाशी पडत होती, हे सांगण्याची गरज नाही. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला, तरी तो टिकला. कोडगूच्या कोडवांना मात्र इंग्रजांनी सूट दिली. त्यामागे रानातील धोक्याचा हिशेब नव्हता, राजनिष्ठेचा होता. गंमत म्हणजे ती सूट आजही चालू आहे. शेवटची मुदतवाढ २०२९ पर्यंतची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांना परवान्यात झुकते माप आहे. ठासणीची! दारू भरा, गोळी ठासा, मग नेम धरा. तोवर रानडुक्कर बांध ओलांडून गेलेले असते. (ठासणीची बंदूक अपुरी ठरल्यास दुसरी देता येते, असे परंतुक आहे खरे, पण ते पटवण्याचे ओझे शेतकऱ्यावर.) सिंधुदुर्गात असे शेतीसंरक्षण परवाने पुष्कळ आहेत. तेथे निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. मतदानाच्या दिवसांत डुकरे आणि माकडे शेत सोडून जात नाहीत. राज्याला श्वापदापेक्षा बंदूकधारी शेतकऱ्याची भीती अधिक वाटते, हा लिटनचा वारसा येथे उघडा पडतो.

तरीही ‘सर्वांना पिस्तूल द्या’ हा उपाय फसवा आहे. सामान्य नागरिकाला ३८ बोअर किंवा ९ मिलिमीटरचे हत्यार मिळत नाही. ते प्रतिबंधित आहे. उरते ते मुख्यतः ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, जे चवताळलेल्या अस्वलापुढे तुटपुंजे आहे आणि मजुराच्या ऐपतीबाहेरचेही. शिवाय विदर्भात अस्वलाचे हल्ले होतात ते कसे? चैत्रात पहाटे मोहफुले वेचणारी बाई खाली वाकलेली असते. अस्वलाची नजर आणि कान अधू. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही आणि मग ते दचकून थेट तोंडावर झडप घालते. कमरेचे शस्त्र उपसून नेम धरायला तेथे क्षणाचीही सवड नसते. घोळक्याने जाणे, बोलत-खाकरत चालणे, अंधार सरल्यावरच रानात शिरणे, या जुन्या रीती तिला कोणत्याही रिव्हॉल्व्हरपेक्षा अधिक उपयोगी आहेत. त्यांना मागासलेपण समजणे ही आपली शहरी चूक आहे.

बदलापूरशेजारच्या अंबरनाथला १९५३ पासून आयुध निर्माणी आहे. काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळेचे काम तेथे चालते. तेथून काही कोसांवरच्या पाड्यांत रात्रीची राखण आजही काठी, विजेरी आणि कुत्र्यांच्या भरवशावर होते.

अशा राखणदारावर बिबट्याने झेप घेतली आणि जीव वाचवताना तो मारला गेला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ त्याला गुन्हेगार ठरवत नाही. अट इतकीच की तो त्या वेळी याच कायद्याचा भंग करीत नसावा. मेलेले जनावर मात्र सरकारची मालमत्ता ठरते.