परळ हे गाव होते हो!

ऐन दिवाळीत भांडण उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाचे ताट हाती असू द्या आणि ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीच्या जिन्यात कोणीतरी एका नव्या टॉवरचे गुळगुळीत माहितीपत्रक टाकून गेले. त्यात परळचा इतिहास छापला होता. इतिहास म्हणजे काय, तर येथे एकेकाळी गव्हर्नरसाहेबाचा बंगला होता, मेजवान्या झडत होत्या, 1875 साली इंग्लंडचे युवराज येथे उतरले होते. सबब तीन खोल्या घ्या आणि तुम्हीही राजेशाही थाटात राहा! गावाचा उल्लेख नाही. गिरणीचा तर नाहीच नाही.

अहो, पण तो बंगला तरी साहेबाने बांधला होता काय? मुळात तो पाद्र्यांचा मठ. 1719 साली इंग्रजांनी तो बळकावला. पुढे हॉर्नबी गव्हर्नर तेथे राहावयास आला आणि प्रार्थनेच्या जागी मेजवान्या झडू लागल्या. नंतर 1880 नंतरच्या काही वर्षांत फर्ग्युसन गव्हर्नरची पत्नी त्याच बंगल्यात पटकीने वारली, तेव्हा साहेब लोकांनी परळचा नाद सोडून मलबार पॉइंट गाठले. गाव मात्र जागच्या जागी राहिले. भोईवाड्यातल्या माणसांना कोठला आलाय मलबार पॉइंट!

त्या बंगल्याला खरी प्रतिष्ठा आली ती साहेब निघून गेल्यावर. आज युक्रेनमध्ये असलेल्या ओडेसा शहरी जन्मलेला हाफकिन नावाचा ज्यू शास्त्रज्ञ 1896 साली प्लेगच्या पाठोपाठ मुंबईत आला. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. 1899 साली प्रयोगशाळा परळच्या बंगल्यात आली, आणि 1925 पासून ती हाफकिनचे नाव मिरवते आहे. युवराजांच्या पंगतीपेक्षा मला त्या बेनाव कैद्यांचा दंड अधिक मोलाचा वाटतो. माहितीपत्रकात त्यांना जागा मिळाली नाही.

आणि गावाचे वय विचाराल तर बंगला कालचे पोर ठरेल. 1931 साली रस्त्याचे काम चालू असताना परळला एक शिळा सापडली. दोन पुरुष उंचीची. एकाच दगडात सात शिवमूर्ती, पायाशी वाद्ये वाजवणारे गण. जाणकार ती पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. ती आजही बारादेवीच्या देवळात आहे आणि आमच्या बायका तिला हळदकुंकू वाहतात.

आता तर नावावरच घाला. लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणायचे! 18 जानेवारी 1982 रोजी संपावर गेलेली माणसे या नावाच्या गावात कधी राहत नव्हती. परवा माझ्या नातवाने पाहुण्यांना तोच पत्ता सांगितला, आणि मी भर पंगतीत त्याच्यावर ओरडलो. पोराचा चेहरा उतरला. चूक त्याची नव्हती. आम्ही त्याला सांगितलेच कधी?

त्या माहितीपत्रकाच्या मागे कोरी जागा आहे. तीवर मी बारादेवीची वाट काढून दिली आहे. पाडव्याला नातू मला घेऊन जाणार आहे, वाट चुकला नाही तर.