रक्तपेढीच्या भरवशावर



रक्ताची जुळवणी रक्तपेढीतच होते, म्हणून प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना रक्तगटांपलीकडे फारसे कळण्याची गरज नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत ग्राह्य धरता येत नाही. न जुळणारे रक्त चढल्याच्या घटनांमागे बहुधा रुग्णाची ओळख पटवण्यातली चूक असते. नमुन्याच्या नळीवरचे नाव खाटेपाशी न लिहिता नंतर टेबलाशी बसून लिहिले जाते, आणि हे काम पुष्कळदा आंतरवासी, म्हणजे इंटर्न, डॉक्टरांकडेच असते. पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळ थांबून ताप, थंडी, कंबरदुखी यांवर लक्ष ठेवणे आणि तसे काही दिसताच रक्त थांबवून शिरेतून सलाईन चालू ठेवणे, हे रक्तपेढीला दुरून कसे जमणार? शिवाय, १९५२ मध्ये मुंबईतून प्रथम नोंदवला गेलेला ‘बॉम्बे’ रक्तगट, ज्यात तांबड्या पेशींवर ‘एच’ हा मूळ घटकच (प्रतिजन) नसतो, पेशींच्या नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ भासतो, परंतु त्या रुग्णाला ‘ओ’ रक्त घातक ठरते. ‘ओ निगेटिव्ह सर्वांना चालते’ हे घोकलेले (आणि परीक्षेपुरते पुरेसे) सूत्र येथे निरुपयोगी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांनी वॉर्डात पाठवण्यापूर्वी प्रत्येक इंटर्नकडून नमुना घेणे आणि पिशवी पडताळणे प्रत्यक्ष करून घ्यावे.

एक वाचक